माझं तण कुणी उपटलं?

आउस्मानं सकाळी खिडकीचा पडदा सरकवला आणि तिच्या तोंडून असा एक शब्द निघाला की खिडकीखाली पाय पसरून बसलेली कोंबडी उठली आणि दुसरीकडे जाऊन बसली.

तण गेलं होतं.

काल झोपताना तिनं डोळे भरून पाहिलं होतं. गाजरांच्या वाफ्यात गुडघाभर खाजरी, हात लावला की आग होणारी. बिटांच्या वाफ्यात रानचाकवताचं जंगल. कांद्यात तर हराळी अशी माजली होती की कांदा कुठला आणि हराळी कुठली ते देवालाही सांगता आलं नसतं. महिनाभर जपलं होतं तिनं ते. मध्ये पाऊस नव्हता तेव्हा गुपचूप झारीनं पाणीसुद्धा घातलं होतं. आणि आज? आज वाफे असे दिसत होते जसं एखाद्या पोराला शाळेच्या पहिल्या दिवशी तेल लावून, भांग पाडून उभं केलंय. गाजराची पानं एका रेषेत. कांदे एका रेषेत. कडेची माती हातानं थापून गुळगुळीत केलेली.

"गुंतिस!"

तिचा नवरा स्वयंपाकघरात कॉफीचा कप धरून बसला होता. सुखी माणूस दिसतो तसाच दिसत होता, हेच आधी डोक्यात गेलं तिच्या.

"हळू बोल गं," तो म्हणाला. "छातीत मशीन आहे तुझ्या."

"मशीन छातीत आहे, घशात नाही! माझं तण कुणी उपटलं?"

गुंतिस हसला. चोरी पकडल्यावर नव्हे, वाढदिवसाचं गुपित फुटल्यावर माणूस हसतो, तसं हसला.

"आले होते सगळे. पहाटे. इंदुलिस, वेल्गा, त्यांची दोन्ही पोरं, सून. मला म्हणाले, तू फक्त कॉफी टाक आणि तिला उठवू नकोस. अगं, मागच्या बटाट्यांचं तर महिनाभर चाललं होतं संध्याकाळचं. तू तिकडे जात नाहीस म्हणून तुला कळलं नाही."

"मी जात नाही की तू जाऊ देत नाहीस?"

"तेच ते."

"आणि खुरपी? खुरपी तर मी लपवली होती!"

"रिकाम्या पिंपात ना? मला माहीत होतं. ते आपापली घेऊन आले होते."

आउस्मानं कपाळाला हात लावला. मग तो हात गुंतिसनं घाबरून पाहिलाय हे तिच्या लक्षात आलं, म्हणून तिनं तो खाली घेतला. हल्ली कपाळाला हात लावायचीही सोय राहिली नव्हती.

आता ही बाई तणासाठी का रडतेय, ते सांगायला हवं.

विद्झेमे प्रांताच्या त्या भागात लीगोच्या संध्याकाळच्या आत, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात छोट्या रात्रीच्या आत, प्रत्येक घराचे वाफे खुरपून झालेले असले पाहिजेत. पास्टर म्हणतो हा संत योहानाचा सण. म्हणू दे बापडा. सूर्याला काही कुणी अजून बाप्तिस्मा दिलेला नाही. त्या संध्याकाळी लोक ओकच्या पानांचे आणि फुलांचे मुकुट घालून गात गात घरोघर फिरतात, दर ओळीला 'लीगो, लीगो' म्हणतात, आणि ज्याच्या वाफ्यात तण दिसेल त्याची गाण्यात अशी काढतात की ऐकणाऱ्याच्या कानाची पाळी लाल व्हावी. चीज पातळ कापलं, काढा गाणं. मुलगी अजून घरात बसलीय, काढा गाणं. घरधन्यानं गाण्यातच उलट उत्तर द्यायचं. त्या रात्री कुणी कुणावर रागवायचं नाही हा नियम, आणि ज्याला उत्तर सुचलं नाही तो हरला, हा दुसरा नियम. रशियनांच्या राज्यात या सणाची सुट्टीसुद्धा काढून घेतली होती, तेव्हाही लोक दिवसभर कामावर जाऊन संध्याकाळी एकमेकांची उणीदुणी गायला हजर असायचे.

आणि या कामात सगळ्या पंचक्रोशीत दोनच जिभा नावाजलेल्या. एक वीतोली घरच्या आउस्माची, दुसरी पलीकडच्या लाची घरच्या इंदुलिसची. तीस-एक वर्षं दोघं लीगोला एकमेकांची सालं काढत होते. बाकीचे लोक घरून वेळेवर निघायचे ते या दोघांचं चुकू नये म्हणून.

मग गेल्या हिवाळ्यात आउस्मा सरपणाच्या ढिगाशेजारी आडवी झाली. वाल्मिएराच्या इस्पितळात नेलं, छातीत यंत्र बसवलं, बरी होऊन घरी आली. बरी म्हणजे अगदी बरी. पण लोक काही बरे झाले नाहीत. लोक तिच्याशी असं बोलायला लागले जसं घरात नुकतंच बाळ झोपलंय. दुकानात रांगेत उभी राहिली की सगळे बाजूला होऊन तिला पुढे काढायचे. अरे, पण रांगेत तर सगळ्या बातम्या असतात! पुढे जाऊन काय फक्त पाव घ्यायचा? ईस्टरला सगळी बाईमाणसं झोक्यावर बसली, कारण त्या दिवशी जो उंच झोका घेतो त्याला उन्हाळाभर डास चावत नाहीत. आउस्माला मात्र बाकावर बसवून हातात रंगवलेलं अंडं दिलं. आता जून लागला होता आणि डास नेमके तिलाच शोधून चावत होते, आणि प्रत्येक चाव्याला ती वेल्गाचं नाव घेत होती.

आणि मे महिन्यात तर कहर झाला. दुकानात पावाच्या मांडणीमागे ती उभी होती आणि पलीकडून इंदुलिसच्या बायकोचा, वेल्गाचा, मायेनं ओथंबलेला आवाज आला.

"आउस्मावर यंदा काही वेडंवाकडं गायचं नाही. आमच्या ह्यांना मी तंबी दिलीय. चार गोड ओळी म्हणायच्या आणि निघायचं. तिच्या छातीला झेपायचं नाही गं."

आउस्मा पाव न घेताच घरी आली. वाटेत तिनं हिशेब केला. लीगोला कुणाकुणावर गात नाहीत? तान्ह्या बाळांवर नाही आणि मेलेल्यांवर नाही. पास्टरवरसुद्धा एक तरी असतंच. आउस्मा तान्ही नव्हती. मग उरलं काय?

त्याच दिवशी तिनं खुरपी पिंपात टाकली आणि गुंतिसला सांगितलं, डॉक्टरनं वाकायला बंदी केलीय. म्हटलं, वाफ्यांचं असं रान माजवते की इंदुलिसच्या जिभेला राहवणारच नाही. बघू कोण गोड गातंय ते.

आणि आज, ऐन लीगोच्या दिवशी, त्या गोड माणसांनी ते रानच उपटून नेलं होतं.

"आभार मानायला जाऊ या का दुपारी?" गुंतिसनं विचारलं.

"तू जा. माझ्याकडून एक दगड घेऊन जा."

पण आउस्मा हार मानणारी नव्हती. वाफे गेले तर गेले, चीज हातात होतं. लीगोचं चीज घरच्या बाईनं करायचं असतं, आणि ते सूर्यासारखं गोल, सूर्यासारखं पिवळं आणि शहाजिऱ्यानं भरलेलं लागतं. तिनं दूध तापवलं, दह्याचा चक्का घातला, फाटलेला चोथा घट्ट झाला, लोणी अंडी घातली. शहाजिऱ्याची बरणी उघडली, वास घेतला आणि बंद करून फळीवर ठेवून दिली. मग मिठाचा डबा घेतला.

गुंतिस दारात उभा होता. पहिली मूठ त्यानं नुसती पाहिली. दुसरीला त्यानं एक पाय पुढे टाकला. तिसरीला म्हणाला, "आउस्मा, मीठ..."

"मीठ मला बंद केलंय डॉक्टरनं, त्यांना नाही."

"आणि हे गोल का नाही?"

तिनं चीज फडक्यात बांधून पावाच्या लांबट भांड्यात दाबलं होतं. वर दगड.

"गोलाचा कंटाळा आलाय."

"आउस्मा, लीगोचं चीज चौकोनी?"

"हो. आणि हे आता बाहेर जाऊन कुणाला सांगितलंस तर तुलाही त्याच भांड्यात दाबीन."

संध्याकाळी गुंतिसनं फाटकाला रोवनच्या झाडाच्या फांद्या बांधल्या, चेटकिणी आत येऊ नयेत म्हणून, आणि स्वतःच्या डोक्यावर ओकचा मुकुट चढवला. तो दरवर्षीप्रमाणे कानांवर घसरून बसला. आउस्मानं यंदा आपला मुकुट केलाच नव्हता, पण टेबलावर एक तयार होताच: डेझी, निळी फुलं, क्लोव्हर, रिवाजाप्रमाणे मोजून सत्तावीस प्रकारची फुलं-पानं. वेल्गानं पाठवलेला. आउस्मानं तो दात खाऊन डोक्यावर ठेवला.

मग रस्त्यावरून आवाज आला. पुढे टपालबाई अकॉर्डियन घेऊन, मागे सगळा जथा, आणि मध्ये मेजावरच्या मेणबत्तीसारखा ताठ इंदुलिस. अंगानं उंच, मिशा झाडूसारख्या. त्याच्या कोपराला लागून वेल्गा.

जथा फाटकाशी थांबला. एरवी इंदुलिस फाटकाला लाथ मारून सुरुवात करायचा. आज त्यानं कडी हलक्या हातानं काढली, आणि गायला लागला:

"फुलो तुझं अंगण, माउली, दुधाची लागो धार, लीगो,
आयुष्य तुझं लांब होवो, जशी उन्हाळ्यातली दुपार, लीगो!"

"ही माउली कोण?" आउस्मानं विचारलं.

कुणीच हसलं नाही. सगळ्यांनी प्रेमानं तिच्याकडे पाहिलं.

ठीक आहे, म्हणाली ती मनात, आता मी सुरुवात करते, मग बघू कसा गप्प बसतोस. कमरेवर हात ठेवले:

"इंदुलिसच्या मिशीत झालं चिमणीचं घर, लीगो,
पिल्लं गेली उडून तरी हा बसलाय अंड्यांवर, लीगो!"

गेल्या वर्षी एवढ्यावर लोक जमिनीवर लोळले असते. आज टाळ्या वाजल्या. टाळ्या! शाळेतल्या पोरानं कविता म्हटल्यावर वाजवतात तशा.

"वा, वा! आवाज किती सुधारलाय हो!" टपालबाई म्हणाली.

"गालांवरही रंग आलाय," वेल्गा म्हणाली.

"तो राग आहे, वेल्गा!"

"असू दे, असू दे, आता शांत हो."

इंदुलिसच्या मिशा मात्र हलल्या होत्या. आउस्मानं ते बरोबर टिपलं. डाव्या बाजूची मिशी थरथरली, तोंड उघडलं, आणि वेल्गाचं कोपर त्याच्या बरगडीत गेलं. तोंड मिटलं. पुन्हा उघडलं तेव्हा बाहेर आलं ते हे:

"वीतोलीच्या अंगणात गातं गोड पाखरू, लीगो,
देव राखो पाखराला, गाय आणि वासरू, लीगो!"

"पाखरू? मी? गेल्या वर्षी मला धान्याचं कोठार म्हणाला होतास रे!"

"गेल्या वर्षीचं सोड," इंदुलिस म्हणाला, आणि त्याचा आवाज पोट दुखणाऱ्या माणसासारखा होता.

गुंतिसनं बिअरचा घडा आणला. आउस्मानं चीज आणलं. मुद्दाम ताटात मधोमध, चौकोनी, फिकट, एकही शहाजिऱ्याचा दाणा नसलेलं, आणि कापलेले तुकडे नखाएवढे पातळ. याच्यापेक्षा मोठं आमंत्रण माणूस देऊ शकत नाही.

"अगं बाई," वेल्गा म्हणाली, "चौकोनी! किती वेगळं सुचतं तुला."

मग तिनं तुकडा तोंडात घातला. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं आणि गालांवरून वाहायला लागलं.

"किती... चवीचं झालंय."

टपालबाईनं तुकडा गिळला, बिअरचा मग एका दमात संपवला, आणि न बोलता दुसरा पुढे केला. इंदुलिस चावत होता. चावत होता. त्याच्या चेहऱ्यावरून ढग गेल्यासारखं काहीतरी गेलं.

"आमच्या गोठ्यात गाईला चाटायला तो मिठाचा दगड टांगतो ना," तो म्हणाला, "त्याची..."

आउस्मा श्वास रोखून पुढे वाकली.

कोपर.

"...आठवण आली. लहानपणची. फार छान."

आउस्मानं ताट टेबलावर आपटलं. आता एकच उपाय उरला होता. लीगोला जो झोपतो तो वर्षभर पेंगतो म्हणतात, आणि त्या संध्याकाळी झोपलेला माणूस सापडला तर त्याच्यावर खाजरीचा झाडू घेऊन गाणं होतं. यातून कुणी सुटलेलं नाही. ती बाकावर आडवी झाली, मुकुट नाकावर ओढला आणि मोठ्यानं घोरायला लागली.

आता येईल, आता येईल, म्हणत ती पडून राहिली. चवड्यांवर चालणारी पावलं जवळ आली. आणि तिच्या अंगावर काहीतरी पडलं.

घोंगडी. लोकरीची. जूनमध्ये.

"दमली बिचारी," वेल्गा कुजबुजली. "चला, आवाज करू नका."

"गुंतिस, तू थांब तिच्याजवळ."

"फाटक हळू लाव रे."

आउस्मानं एक डोळा किलकिला केला. अख्खा जथा, डोक्यावर मुकुट, हातात मग, चोरांसारखा चवड्यांवर बाहेर पडत होता. टपालबाईनं अकॉर्डियन हवा सुटू नये म्हणून पोटाशी दाबून धरलं होतं. इंदुलिस शेवटी होता. फाटकाशी थांबून त्यानं मागे वळून पाहिलं. आणि त्या बाप्याच्या चेहऱ्यावर असं दुःख होतं की जसं समोर वाढलेलं ताट कुणी उचलून नेलंय. मग तोही गेला. एक डास घोंगडीच्या वर राहिलेल्या आउस्माच्या कानावर येऊन बसला.

घोंगडी उडाली ती थेट गुंतिसच्या तोंडावर.

"आउस्मा! कुठे?"

"लाचीला!"

"अगं, ते जातायत रस्त्यानं. आणि तू..."

"मी शेतातून जातेय."

"डॉक्टर म्हणालाय, भराभर चालायचं नाही!"

"मग तू हळू ये!"

लाची घर टेकाडावर होतं. दरवर्षी शेवटची शेकोटी तिथेच. उंच खांबाच्या टोकाला डांबराचं पिंप चढवून पेटवायचं, आणि जिथवर त्याचा उजेड पोचेल तिथवरची शेतं वर्षभर पिकतात. सूर्य अजून जंगलाच्या वर टेकून होता, जायचं मन नसल्यासारखा. आउस्मा चिखलातून, क्लोव्हरमधून, इंदुलिसच्या बकऱ्यांमधून वाट काढत वर आली. छातीतलं यंत्र आपलं काम करत होतं. तीसुद्धा आपलं काम करायला निघाली होती. इंदुलिसला त्याच्याच दारात गाठायचं, आणि जिभेनं नाही बोलला तर मिशा ओढून बोलायला लावायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

लाचीच्या कुंपणाशी ती पोचली आणि थांबली.

वेल्गाचे वाफे. वेल्गाचे! जिच्या वाफ्यांतून गाजर परवानगी मागितल्याशिवाय वाकडं वाढत नसे त्या वेल्गाचे. कमरेपर्यंत रानचाकवत. त्याच्यातून काटेरी झाडांची जांभळी डोकी वर निघालेली. कांदे दिसत नव्हते. काकडीच्या आधाराला रोवलेल्या काठ्यांची फक्त टोकं दिसत होती, बुडत्या माणसाच्या बोटांसारखी.

महिनाभर या घराच्या सगळ्या खुरप्या कुठे होत्या, ते आउस्माला समजलं. अख्खं घर. दोन्ही पोरं. सून. रोज संध्याकाळी, वीतोलीच्या मागच्या बटाट्यात, ओणवे.

इतके चांगले लोक. इतके चांगले की स्वतःच्या दारात रान माजू दिलं.

आणि मग तिच्या लक्षात आलं की रान माजलंय.

ज्यांनी आपलं तण काढलं त्यांच्याच तणावर गायचं, म्हणजे नीचपणाची हद्द. उपकाराच्या ताटात थुंकणं. इतका नीचपणा करायची संधी आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती. आउस्मा फाटकाच्या आडव्या फळीवर चढून उभी राहिली.

जथा टेकाड चढून आला तेव्हा सगळ्यांत आधी वेल्गाला ती दिसली.

"अगं, तू झोपली होतीस ना? उतर, उतर खाली, पडशील!"

आउस्मानं श्वास भरून घेतला.

"रानचाकवताच्या जंगलात वाट गेली हरवून, लीगो,
वेल्गाताईला हाका मारा शिडीवर चढून, लीगो!"

वेल्गानं वाफ्यांकडे पाहिलं, जसं आत्ताच पहिल्यांदा पाहतेय, आणि तिचा चेहरा पडला. "अगं, ते आम्ही तुझ्या..."

"गाजर म्हणतं बिटाला, 'दादा, ऊन कसं असतं?', लीगो,
आळशाच्या या घरामध्ये सगळं पीक काळोखात बसतं, लीगो!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यासारखं केलं. इंदुलिस कानापर्यंत लाल झाला. "हे बघ आउस्मा, हे बरं नाही. आम्ही पहाटे उठून..."

"गाण्यात बोल! नियम आहे!"

"वेल्गा, ऐकलंस? ऐकलंस का ही काय म्हणाली?"

"मी ऐकलं," वेल्गा म्हणाली. "तू गप्प राहा. तिची तब्येत."

आउस्माला वाटलं, आता ही बाई मोडली नाही तर काहीच मोडणार नाही. फळीवर थोडी पुढे सरकली आणि अगदी गोड आवाजात, वेल्गाच्याच गोड आवाजात, म्हणाली:

"इंदुलिस राबतो बिचारा दुसऱ्यांच्या दारी, लीगो,
घरचं खुरपं गंजत पडलं, राणीची झोप भारी, लीगो!"

वेल्गानं डोक्यावरचा मुकुट काढला, सरळ केला, पुन्हा डोक्यावर ठेवला. मग हाताची घडी घातली.

"इंदुलिस," ती म्हणाली.

"काय?"

"गा."

मे महिन्यापासून कोंडलेला माणूस. त्याचं तोंड उघडलं ते धरणाचं दार उघडल्यासारखं:

"छातीमध्ये बॅटरी, तरी हातात नाही जीव, लीगो,
शेजाऱ्यांनी तण काढलं, हिला ना लाज ना कीव, लीगो!"

टपालबाईच्या अकॉर्डियनमधून एक सूर आपोआप सुटला आणि मेला. सगळ्यांचे डोळे आउस्माच्या छातीवर. बॅटरी म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. पण इंदुलिस आता कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हता:

"चीज म्हणू की वीट म्हणू, मीठ घातलं पोतंभर, लीगो,
टांगा आमच्या गोठ्यात, गाय चाटेल वर्षभर, लीगो!"

"विटेला निदान कोपरे सरळ असतात!" वेल्गा साध्या बोलण्यातच ओरडली. तिला राहवलंच नाही.

मग लोक फुटले. टपालबाई तर कुंपणाला धरून खाली बसली. "गिळवत नव्हतं गं," ती रडत रडत म्हणत होती, "देवाशपथ, गिळवत नव्हतं!"

आउस्मा फळीवर उभी होती. आता तिची पाळी. तिनं तोंड उघडलं.

काही आलं नाही.

बॅटरीवर उत्तर हवं होतं. जीव, कीव, शीव... तिनं महिनाभर तण वाढवलं होतं, मीठ ओतलं होतं, खोटं घोरली होती, पण याचं उत्तर तयार ठेवायचं सुचलंच नव्हतं. कुणी बॅटरीचं नाव काढेल असं तिला तरी कुठे वाटलं होतं! तीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिचा असा काही तिळपापड झाला की आधी झालेला सगळा राग त्यापुढे काहीच नव्हता.

तेवढ्यात मागून कुणीतरी घसा साफ केला. गुंतिस. शेतातून धापा टाकत आलेला, मुकुट कानांवर, काखेत ती घोंगडी. लग्नापासून आजवर या माणसानं लीगोला एकट्यानं ओळ म्हटलेली नव्हती. तो नेहमी 'लीगो'पुरताच तोंड उघडायचा. आताही तो कुणाकडे पाहत नव्हता, आपल्या बुटांकडे पाहून गात होता, सूर सोडून:

"रात्र रात्र मी जागतो, श्वास हिचा मोजतो, लीगो,
ट्रॅक्टर चालू अंथरुणात, कोण इथे झोपतो, लीगो!"

असा हशा टेकाडानं कधी ऐकला नसेल. बकऱ्या पळाल्या. इंदुलिसनं गुंतिसला उचलून घेतलं आणि खाली ठेवताना त्याचा मुकुट चिखलात पडला.

आउस्मा फळीवरून उतरली. गुंतिसच्या समोर गेली. एवढे दिवस घरात जवळून पाहिलेला तो चेहरा तिनं आता पाहिला. डोळ्यांखाली काळं होतं. बरंच जुनं काळं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"इस्पितळातून आणलं तेव्हापासून."

"रोज?"

"मध्येच थांबतो ना श्वास तुझा. मग पुन्हा ट्रॅक्टर चालू होतो. मग जरा बरं वाटतं."

"अरे मूर्खा, मग हलवून उठवायचं ना मला!"

"डॉक्टर म्हणाला, हलवायचं नाही."

आउस्मानं त्याच्या काखेतली घोंगडी ओढून घेतली, त्याच्या खांद्यावर घातली, आणि मग आपण फार मऊ दिसलो असू असं वाटून त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

पोरांनी खांबाचा दोर ओढला. डांबराचं पिंप डुलत डुलत वर गेलं, भपकन पेटलं, आणि रानचाकवताच्या प्रत्येक पानावर उजेड पडला. यंदा लाचीला सगळ्यात जास्त काय पिकणार ते लांबून कुणालाही दिसलं असतं. इंदुलिस दोन मग घेऊन आला. एक तिच्या हातात न देता त्यानं दोन्ही स्वतःकडेच ठेवले.

"हरली!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "वीतोलीची आउस्मा हरली! लिहून ठेवा!"

"हरले नाही रे, श्वास घेतेय!"

"मग लवकर घे," वेल्गा म्हणाली. तिच्या आवाजात मायेचा थेंब नव्हता. "वर्षातली सगळ्यात छोटी रात्र आहे. ती काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"